वर्ध्याचे रस्ते : मरतो कोण आणि भरपाई कोणाला?

वर्धा जिल्ह्यातील अपघात म्हटले की दोन घटना सर्वांना आठवतात. २४ जानेवारी २०२२ च्या रात्री सेलसुऱ्याजवळ पुलावरून कार कोसळली आणि सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे सात विद्यार्थी गेले. १ जुलै २०२३ च्या पहाटे नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पेटली. २५ जण मेले, त्यांत वर्ध्याचे अनेक. दोन्ही वेळा देश हळहळला, सरकारी मदतही जाहीर झाली.

रोजचे मरण मात्र वेगळे आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली, महाराष्ट्रात १५,२२४. देशातील मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे आणि १९.५ टक्के पायी चालणारे होते. तीनांपैकी दोघे १८ ते ४५ वयातले, म्हणजे घरातला कमावता माणूस. वेग हे सर्वांत मोठे कारण, आणि हेल्मेट नसल्याने गेलेले ५० हजारांवर. (हेल्मेटची चेष्टा करणारे मित्र आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत.)

आमच्या मते खरा अन्याय अपघातानंतर सुरू होतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत हिंगणघाट, देवळी, समुद्रपूरकडे मालवाहू गाडीत दाटीवाटीने उभ्या मजूर बाया आपण रोज पाहतो. ती गाडी उलटली तर? आशा राणी प्रकरणातील २००२ च्या निकालापासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका स्पष्ट आहे : मालवाहू वाहनात बसवलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. भरपाई मंजूर झाली तरी ती गाडीमालकाकडून वसूल करायची, आणि त्याच्याकडे बहुधा हप्त्यावर घेतलेली तीच गाडी असते. म्हणजे ज्याला दुसरी गाडी परवडत नाही, त्याचाच विमा नाही. दीक्षाभूमीला जाण्यासाठी स्वस्त पडते म्हणून टेम्पो ठरवणाऱ्या मंडळांनीही हे ध्यानात घ्यावे. प्रवासी परवान्याची गाडीच ठरवा, वर्गणी थोडी वाढली तरी चालेल.

धडक देऊन वाहन पळून गेले, तर ‘हिट अँड रन’ योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. पूर्वी मृत्यूला २५ हजारच होते. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. वाहन सापडले असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचे. त्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे. दुःखात बुडालेल्या घराचे सहा महिने तेरवी, कर्ज आणि पोलीस ठाण्याच्या खेपांतच संपतात.

इथे तरुण कार्यकर्त्यांचे काम आहे. आपल्याकडे जयंतीची वर्गणी जमवणारी, निवेदने देणारी मुले गावोगाव आहेत. त्यांतल्या दोघांनी अपघात झालेल्या घरी पहिल्याच आठवड्यात जावे. गुन्ह्याची प्रत, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि मृताच्या कमाईचा काही पुरावा एका फाईलमध्ये लावून द्यावा. मजुराच्या कमाईचा कागद नसतोच. तेव्हा मनरेगाचे जॉबकार्ड, बँकेचे पासबुक, मुकादमाचा जबाब शोधावा. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत, हे २०१९ च्या दुरुस्तीच्या आधारे केलेल्या मोटार वाहन नियमांत आले आहे. ते वस्तीच्या फलकावर लिहून ठेवा.