पाणथळींचे संरक्षण : गुराख्याला वगळून चालेल काय?

छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यातील कोपरा जलाशयाचा डिसेंबर २०२५ मध्ये रामसर यादीत समावेश झाला. आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता मिळालेले हे राज्यातील पहिलेच ठिकाण होय. भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, त्यातूनच २०१२ मध्ये वेगळ्या झालेल्या बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा-परसदा तलावांवरही हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात. २०२१ मध्ये तेथे पक्षी महोत्सवही भरविण्यात आला. पक्ष्यांच्या अधिवासाला मिळणारे हे महत्त्व स्वागतार्ह आहे. मात्र अशा तलावांच्या काठी गुरे चारणाऱ्यांना नव्या व्यवस्थेत कोणते स्थान राहील, हा प्रश्न अद्याप चर्चेत आलेला नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले आहे. त्यामुळे या प्रश्नाचा विचार करण्याची ही योग्य वेळ आहे.

भरतपूरचा धडा

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात नोव्हेंबर १९८२ मध्ये चराईवर संपूर्ण बंदी घालण्यात आली. त्याविरुद्ध उसळलेल्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबारात काही ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. गुरे हटली की पक्ष्यांना मोकळीक मिळेल, अशी बंदीमागील अपेक्षा होती. प्रत्यक्षात, पूर्वी म्हशी खात असलेले पास्पॅलम जातीचे गवत उथळ पाण्यात बेसुमार पसरले. खुले पाणी घटले आणि बदकांसह अनेक पाणपक्ष्यांचा अधिवास आक्रसला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० च्या दशकात केलेल्या दीर्घ अभ्यासातून हे परिणाम समोर आले. पुढे ग्रामस्थांना गवत कापून नेण्याची परवानगी देण्यात आली. जे काम म्हशी विनामूल्य करीत होत्या, ते माणसांकडून करून घ्यावे लागले.

चराईचेही वेळापत्रक

छत्तीसगडमध्ये गावाची गुरे राखण्याचे काम परंपरेने राऊत समाजाकडे आहे. गुराख्याला तेथे पहटिया म्हणतात, तर गुरे एकत्र जमविण्याच्या जागेला दैहान. भातलावणीच्या काळात गुरे आवरून धरायची आणि कापणीनंतर मोकळी सोडायची, ही ‘रोका-छेका’ प्रथा गावे पाळत आली. जून २०२० मध्ये राज्य शासनाने याच नावाने मोहीम हाती घेतली होती. गुरे केव्हा सोडावीत याइतकेच ती केव्हा रोखावीत, हेही या ज्ञानात अंतर्भूत आहे. पाणी ओसरताना काठावर कोणते गवत कधी उगवते आणि कोठे चिखलात जनावर रुतते, याची माहिती रोज तेथे वावरणाऱ्यालाच असते.

अर्थात, चराई म्हणजे सर्व दुखण्यांवरील रामबाण उपाय नव्हे. गुरांची संख्या मर्यादेबाहेर गेल्यास जमिनीवर घरटी करणाऱ्या टिटवीसारख्या पक्ष्यांची अंडी तुडविली जातात आणि शेणामुळे पाण्यातील पोषकद्रव्ये वाढतात. छत्तीसगडप्रमाणेच विदर्भातही तलावांच्या काठी फोफावणाऱ्या बेशरम या झुडपाला गुरे तोंड लावत नाहीत. भोवतीचे गवत खाल्ले गेल्यावर त्याला उलट मोकळे रान मिळते. ते हातानेच उपटावे लागते.

नियमांतील वाव

केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ संवर्धन नियमांत अतिक्रमण, उद्योग उभारणी, कचरा टाकणे आणि शिकार यांना मनाई आहे. चराईचा त्या यादीत उल्लेख नाही. अधिसूचित पाणथळीत कोणत्या बाबींचे नियमन करावयाचे आणि कोणत्या बाबींना अनुमती द्यावयाची, हे ठरविण्याचे काम राज्य प्राधिकरणाकडे सोपविलेले आहे. सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव मात्र नियमांतील पाणथळीच्या व्याख्येतून वगळले आहेत. छत्तीसगड आणि पूर्व विदर्भ हे दोन्ही तलावांचे प्रदेश असल्याने हा अपवाद लहान नाही. अशा तलावांचे भवितव्य बहुतांशी ग्रामसभा आणि गावातील जाणकारांवरच अवलंबून राहते.

कोपराचा व्यवस्थापन आराखडा असो वा गिधवा-परसदाबाबतचा निर्णय, कोणत्या महिन्यात, कोणत्या काठावर आणि किती गुरे चरावीत हे पक्षितज्ज्ञ आणि पहटिया यांनी एकत्र बसून ठरविणे शक्य आहे. काही भाग विणीच्या काळात बंद ठेवून आणि परिणामांची दरवर्षी नोंद घेऊन त्यात बदलही करता येतील. भरतपूरमध्ये बंदी आधी आली आणि अभ्यासाचे निष्कर्ष नंतर. छत्तीसगडला हा क्रम उलटविण्याची संधी आहे.