विश्लेषण : घरी बांधलेल्या विमानाचे इंजिन हवेतच का बंद पडते?

मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी विमान बांधले. 2016 मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात झळकले, तर 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली. अमेरिकेत अशी हजारो विमाने हौशी मंडळींनी बांधली आहेत. मात्र त्यांच्या अपघातांत इंजिन बंद पडणे हे एक प्रमुख कारण ठरते. असे का होते?

धोका किती?

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 मध्ये या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी व लहान विमानांच्या ताफ्यात त्यांचा वाटा जेमतेम 10 टक्के होता. 2011 मधील अपघातांत मात्र तो सुमारे 15 टक्के, तर जीवघेण्या अपघातांत 21 टक्के होता. इंजिनाची शक्ती जाणे आणि विमानावरील ताबा सुटणे, ही दोन कारणे आघाडीवर होती.

हवा-इंधनाचे गणित काय?

1 किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे 14.7 किलो हवा लागते. 10 हजार फुटांवर हवा जवळपास एक चतुर्थांशाने विरळ होते. त्या प्रमाणात इंधन कमी केले नाही, तर मिश्रण गरजेपेक्षा दाट होते. उलट, इनटेक पाइपच्या जोडातून जादा हवा शिरली तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते. कार्ब्युरेटरच्या अगदी तोंडाशी पाइपला तीव्र वळण दिले, तर एका सिलिंडरला दाट आणि दुसऱ्याला पातळ मिश्रण मिळू शकते.

उन्हाळ्यातही बर्फ?

होय. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब घटतो, पेट्रोलची वाफ होते आणि तापमान 30 अंशांहूनही अधिक उतरू शकते. त्यामुळे हवेतील बाष्प गोठते. बाहेर 38 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता असतानाही हे घडू शकते. म्हणूनच गरम हवा आत घेण्याची सोय लागते. ती सुरू केल्यावर वितळलेले पाणी इंजिनात जाते आणि इंजिन काही क्षण आणखी खडखडते. घाबरून वैमानिकाने ती बंद केली, तर बर्फ तसाच राहतो.

टाकीत इंधन असूनही?

शेतातल्या डिझेल इंजिनाने ‘एअर घेतली’ की ते बंद पडते, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. इथे पेट्रोलची नळी एक्झॉस्टजवळून गेली तर आतच वाफ होऊन प्रवाह अडतो. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले तरी तेच होते.

प्रश्न मांडणीचाही असतो. गायक जॉन डेन्व्हर यांचा 12 ऑक्टोबर 1997 रोजी कॅलिफोर्नियात मृत्यू झाला. त्यांनी विकत घेतलेल्या लाँग-ईझी विमानात इंधनाचा व्हॉल्व्ह वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे होता. मूळ आराखड्यातील जागा बांधणाऱ्याने बदलली होती. टाकी बदलताना लक्ष विचलित होऊन ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष होता.

उपाय काय?

जमिनीवर इंजिन नीट चालले म्हणजे ते हवेतही चालेल, असे नाही. उड्डाण घेताना नाक वर असते, तेव्हा टाकीतून इंधन उतरण्याचा कोन बदलतो. म्हणून विमान त्याच कोनात उभे करून प्रवाह मोजावा लागतो. इंधन केवळ उताराने येत असेल, तर टेक-ऑफच्या गरजेच्या 150 टक्के, आणि पंपाने येत असेल तर 125 टक्के प्रवाह हवा. ही मोजणी बादली आणि घड्याळ घेऊनही होते.

कारखान्यातील विमानात असा प्रत्येक जोड प्रमाणित झालेला असतो. घरच्या विमानात बदल करण्याची मोकळीक असते. पण केलेला प्रत्येक बदल तपासण्याची जबाबदारीही बांधणाऱ्यावरच येते, आणि विमान पुढे विकले गेले तर त्याची किंमत दुसऱ्याच कोणाला मोजावी लागू शकते.