जुनी प्रणाली काढतांना

संगणक सुरू करतांच ‘विंडोज १० कीं विंडोज ११?’ असें विचारणारी यादी ज्यांच्या पडद्यावर रोज उभी राहते, त्यांनीं आतां जुन्या प्रणालीस निरोप द्यावा, असें आमचें मत आहे. तिचा नित्याचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला; शिवाय ती जागा अडवून बसते ती निराळीच.

परंतु आमच्या विद्यार्थिवर्गाचा उत्साह पाहिला म्हणजे भय वाटतें. यादींतून नांव गाळलें कीं काम झालें, असें कित्येक समजतात. जागा मात्र अडलेलीच राहते. दुसरे कित्येक जुन्या प्रणालीच्या बाजूचे सर्वच विभाग पुसावयास निघतात. तेथेंच ईएफआय नांवाचा, बहुधा १०० मेगाबाइटांचा, एक चिमुकला विभाग असतो. तो जुन्या प्रणालीनें निर्माण केलेला असला, तरी नवीही त्यांतूनच उठते! डिस्क मॅनेजमेंट तो पुसूं देत नाहीं, हें एक बरें. पण डिस्कपार्टला ‘ओव्हरराइड’ची आज्ञा दिली कीं तोही जातो, आणि मग नवी प्रणाली शाबूत असूनही संगणक सुरू होत नाहीं.

पालकांस आमची विनंति निराळी आहे. वडिलांचे हिशेब, घरचीं छायाचित्रें, मुलांचे निबंध हीं बहुधा जुन्या प्रणालीच्याच विभागांत असतात. तीं बाहेरच्या डिस्कवर उतरवून, नव्या प्रणालींत उघडून पाहिल्यावांचून मुलांच्या हातीं माऊस देऊं नये. नंतर यादींतील नांव काढावें, संगणक एकदां बंद करून पुन्हां सुरू होतो कीं नाहीं तें पाहावें, आणि मगच जुना मोठा विभाग, तेवढाच, पुसावा.