घरात शिरलेली बातमी

मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागचा रस्ता जेथे फुटतो ते वडखळ. पेणचा बाजार, डोलवीचा पोलाद कारखाना, धरमतरची खाडी आणि भाताची खाजण शेती या चौकडीत येथील बहुतेक घरांचा संसार चालतो. या घरांना वाईट बातमी वर्तमानपत्रातून क्वचितच कळते. ती भूसंपादनाची नोटीस होऊन येते, ठेकेदाराने उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलेला निरोप होऊन येते, किंवा बँकेच्या बंद दारावर चिकटवलेला कागद होऊन येते. ज्यांच्या घरी बातमी म्हणजे दूरचित्रवाणीवरील एक चित्र असते, ते निराशाजनक बातम्या पाहू नयेत, मन प्रसन्न ठेवावे, असा उपदेश करू शकतात. बटन दाबले की त्यांची बातमी थांबते. नोटिशीला असे बटन नसते.

तरीही अशी बातमी घर कसे पचवते, हा प्रश्न क्षुल्लक नाही आणि केवळ मानसशास्त्राचाही नाही. त्याचे उत्तर खारेपाटाला ठाऊक होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बाहेरकाठ्याला खांड पडली की ती एका शेतकऱ्याची बातमी राहत नसे. खांड पडली त्या जागेलगतची शेती कोणाचीही असो, खारे पाणी सर्वांच्या शिवारात पसरणार आणि पुढचे काही पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत पीक हाती लागणार नाही, हे प्रत्येक घराला समजत होते. म्हणून हाक आली की जो तो फावडे-घमेले घेऊन बांधावर धावे. भीती तेवढीच असे, किंबहुना अधिक असे. पण ती भीती घेऊन कोणी एकटा माजघरात बसत नसे. दुःख वाटण्याची ही व्यवस्था कोणा साधुपुरुषाने शिकवलेली नव्हती, चिखलाने आणि भरतीने शिकवलेली होती. पुढे १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा आला. बांधांची जबाबदारी शासनाने घेतली हे योग्यच झाले, कारण समुद्राशी झुंजण्याचा खर्च गरीब कुळांनी सोसावा यात कसलाही न्याय नव्हता. परंतु हाक मारून बांध राखणारे गाव यातून अर्जदार बनले. आता खांड पडल्याची बातमी कार्यालयात आवक क्रमांक घेते आणि अनुदानाची वाट पाहते.

दुसरी बातमी सप्टेंबर २०१० मधली. रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन सहकारी बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घातले. दोन लाखांच्या घरात ठेवीदार होते, आणि बोगस कर्जखात्यांतून शेकडो कोटी रुपये बाहेर गेल्याचे उघड झाले. निवृत्त शिक्षक, गणपतीच्या कारखान्यांतले कारागीर, मासळी विकणाऱ्या बाया, जमीन विकून आलेले पैसे ठेवणारे शेतकरी अशा माणसांची ही बँक. सहकार या शब्दावर त्यांनी विश्वास टाकला होता. समुद्राचे पाणी शिरावे तशीच ही बातमी सबंध तालुक्यात एका दिवसात शिरली, आणि तरीही पहिले कित्येक दिवस प्रत्येक घराने ती आपली खासगी नामुष्की मानली. किती बुडाले, हे शेजाऱ्याला सांगायचे नाही. मुलीच्या सासरी कळू द्यायचे नाही. म्हाताऱ्या आईला तर नाहीच नाही. तिच्या औषधाचे पैसे त्याच ठेवीच्या व्याजातून येत होते. बुडवणारा उजळ माथ्याने हिंडावा आणि बुडालेल्याने तोंड लपवावे, असा हा उलटा न्याय.

या लपवण्याला हसण्याचे कारण नाही. त्यात माया असते. म्हातारीची झोप उडू नये, परीक्षेला बसलेल्या पोराचे लक्ष विचलित होऊ नये, म्हणून घरातला कर्ता गिळतो आणि नेहमीसारखा जेवायला बसतो. मात्र ही माया कोणाच्या खर्चाने चालते तेही पाहिले पाहिजे. कर्त्याने बातमी लपवली तरी ती घरच्या बाईपासून लपत नाही. दुधाचे माप तिला कमी करावे लागते, कानातले मोडायला तीच जाते, वाण्याच्या दारात उधारीचा शब्द तिच्याच तोंडून निघतो. बातमी तिला सांगितलेली नसते, पण निस्तरायची मात्र तिनेच, आणि चेहरा हसरा ठेवूनच. मध्यमवर्गीय कथा-कादंबऱ्यांनी या हसऱ्या चेहऱ्याची पुष्कळ आरती केली आहे. आरती ओवाळून कानातले परत येत नाही.

यातून वाट निघाली ती ठेवीदार आपापले आकडे मोठ्याने सांगू लागले तेव्हा. संघर्ष समिती उभी राहिली, मोर्चे निघाले, न्यायालयाची पायरी चढली गेली. पैसा सुटला असे नव्हे. परंतु आपण मूर्ख ठरलो ही भावना गेली आणि आपल्याला लुटले गेले ही जाणीव आली. या दोहोंत मोठे अंतर आहे. ठेवविम्याची १ लाखाची मर्यादा १९९३ पासून जवळजवळ २७ वर्षे जशीच्या तशी होती. ती फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाखांवर गेली आणि निर्बंधाखालील बँकांतील विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद २०२१ साली झाली. पेणमधील ठेवीदारांनी आणि २०१९ नंतर पंजाब-महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांनी आपली नामुष्की रस्त्यावर आणली नसती, तर एवढेही झाले असते का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

खारेपाटाला हे नवे नव्हते. वडखळहून अलिबागच्या वाटेवर पोयनाडजवळ चरी गाव लागते. खोतांच्या विरोधात १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे तेथील व आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी जमिनी कसल्या नाहीत. त्या वर्षांत घरात येणारी प्रत्येक बातमी नाउमेद करणारीच असणार. पण ती एका घराला येत नव्हती. नारायण नागू पाटलांनी १९३७ साली 'कृषीवल' काढले. संपाइतकेच बातमीचे वाटपही आपल्या हाती असावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या नोटिसा आल्या तेव्हाही असेच झाले. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते पाठीशी होते, पण नोटीस घडी करून ट्रंकेत ठेवायची नाही, चावडीवर आणून वाचायची, हे गावांनी ठरवले म्हणून २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत शासनाला जनमत अजमावावे लागले. तो कौल अधिकृतपणे जाहीर करण्याचे धैर्य शासनाला झाले नाही, ही गोष्ट वेगळी. भूसंपादन मात्र पुढे सरकले नाही.

चळवळीच्या कार्यकर्त्यांनीही एक गोष्ट मनावर घ्यायला हवी. सभा संपते, घोषणा संपतात, आणि माणूस रात्री त्याच घरात परततो जेथे सभेचा शब्द पोहोचलेला नसतो. सभेला आलेल्यांत पुरुष किती आणि ज्यांना दुधाचे माप कमी करावे लागले त्या बाया किती, हे मोजले तर पुष्कळ सभांचे यश फिके पडेल. सहकारी बँकेचा लेखापरीक्षण अहवाल सभासदांना सोप्या मराठीत मिळाला पाहिजे आणि वार्षिक सभेत तो वाचला गेला पाहिजे. भूसंपादनाची नोटीस सातबारावर नाव असलेल्याच्या हाती देऊन न थांबता ग्रामसभेत वाचली गेली पाहिजे. आणि बाहेरकाठ्यांची पाहणी खारभूमी खात्याने वैशाखातच, गावकऱ्यांना आणि गावच्या बायांना बरोबर घेऊन केली पाहिजे. उधाणाची तारीख पंचांगात आधीच छापलेली असते.