ताकद आहे, तयारी हवी

भरतीची जाहिरात निघाली की आमच्या वस्तीतल्या मैदानावर पहाटे पाचलाच पावले वाजू लागतात. आदल्या महिन्यात ते मैदान ओसाड असते. जाहिरात आली की सगळे एकदम धावत सुटतात, आठ दिवसांत नडग्या दुखू लागतात आणि पंधराव्या दिवशी निम्मी मुले घरी बसतात. परवा याच मैदानाच्या कडेला ओळखीतल्या एक ताई भेटल्या. त्यांच्या मुलीला वनरक्षक व्हायचे आहे. या भरतीत महिलांना ३ आणि पुरुषांना ५ किलोमीटर धावावे लागते. ताई म्हणाल्या, "भाऊ, आपल्यासारख्या रोजमजुरी करणाऱ्याची पोरगी एवढं धावू शकते का जी? का ते खेळाडूंचंच काम?"

प्रश्न एका घरचा नाही, म्हणून येथे त्याचे उत्तर देत आहोत.

पहिली गोष्ट अशी की, लांब धावण्याची ताकद निसर्गाने माणसाला दिलेलीच आहे. थोड्या अंतरात कुत्रे आणि हरीण आपल्याला सहज मागे टाकतात. पण अंतर वाढले, ऊन चढले, की डाव पालटतो. अंगभर केस असलेली जनावरे धापा टाकून अंग थंड करतात. माणसाच्या उघड्या कातडीत लाखो घामग्रंथी आहेत, त्यामुळे तो धावता धावताच थंड होत राहतो. टाचेवरची जाड शीर स्प्रिंगसारखी ताणली जाऊन प्रत्येक पावलाला थोडी शक्ती परत देते. डेनिस ब्रँबल आणि डॅनियल लिबरमन या शास्त्रज्ञांनी २००४ साली 'नेचर' या नियतकालिकात मांडले की, लांब पल्ल्याचे धावणे हे मानवाच्या घडणीतच आहे. ही घडण कोणा एका घराण्याची किंवा जातीची मिरास नाही.

दुसरी गोष्ट वयाची. पंजाबचे शेतकरी फौजा सिंग यांच्या पासपोर्टावर जन्मसाल १९११ होते. त्यांनी २००० साली लंडनची मॅरेथॉन पुरी केली, म्हणजे ४२ किलोमीटरहून अधिक अंतर, आणि तेही ८९ व्या वर्षी. २०११ साली टोरांटोची मॅरेथॉन त्यांनी आठ तासांपेक्षा थोड्या अधिक वेळात संपवली. २०२५ साली रस्त्यावर वाहनाची धडक बसून त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते चालायलाच निघाले होते.

तिसरी गोष्ट मुलींची. १९२८ साली ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये महिलांची ८०० मीटरची शर्यत झाली. शेवटी काही जणी दमल्या, एवढ्यावरून 'हे बायकांच्या शरीराला झेपत नाही' अशी ओरड झाली आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. महिलांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ साल उजाडले. मधल्या काळात बायकांचे शरीर बदलले नव्हते; बदलावे लागले ते नियम करणाऱ्यांचे मन. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. तेव्हा ताई, 'पोरीला झेपेल का' ही शंका मनातून काढून टाका.

पण वाचकहो, नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१४ च्या जून महिन्यात मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्यात काही तरुण उमेदवार कोसळले आणि दगावले. नोकरीसाठी घरून निघालेली ही मुले परत आली नाहीत. व्यवस्थेची जबाबदारी मोठी आहेच, ती कोणी नाकारू नये. परंतु घराघरांतून शिकण्याचा धडाही त्यात आहे. ताकद जन्माने मिळते, तयारी मात्र करावी लागते. आणि तयारीला महिने लागतात.

निरोगी पण कधीच न धावलेल्या व्यक्तीला ५ किलोमीटर सलग धावण्यासाठी दोन-अडीच महिने तरी हवेत. आरंभी एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे. मग हळूहळू धावण्याचा वेळ वाढवावा. सोबतच्या माणसाशी बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. दम लवकर सुधारतो, पण हाडे आणि शिरा सावकाश बळकट होतात. नडग्या दुखतात त्या यामुळेच. आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी. उपाशीपोटी किंवा रात्रभर प्रवास करून लांब धावू नये. छातीत दुखले, चक्कर आली, बोलणे असंबद्ध होऊ लागले तर तेथेच थांबावे आणि दवाखाना गाठावा. यात लाज कसली?

आमच्या विदर्भातील वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. सिकलसेल हा आजार आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत बराच आढळतो. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय धावूच नये. जे केवळ वाहक आहेत ते एरवी ठणठणीत असतात, खेळूही शकतात. पण उन्हात, पाणी न पिता, तयारीविना एकदम जीव तोडून धावल्यास त्यांनाही क्वचित धोका संभवतो. सरकारी रुग्णालयात रक्ताची तपासणी होते. भरतीचा अर्ज भरण्यापूर्वी ती करून घ्यावी. त्याच वेळी मुलींचे हिमोग्लोबिनही पाहावे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्त कमी आढळले. ज्या मुलीचे रक्तच कमी आहे, तिला आळशी म्हणून हिणवणे हा अन्याय आहे.

म्हणून आमचे सांगणे मुलांपेक्षा आईबापांना अधिक आहे. जाहिरातीची वाट पाहू नका. मुलगा मैदानावर जातो तेव्हा मुलीच्या हाती झाडू आणि पाण्याची कळशी देऊ नका. तिलाही पहाटेचा तो तास द्या. ताटात डाळ, हिरवी भाजी, शेंगदाणे-गूळ, जमेल तेव्हा अंडे असू द्या, आणि ते मुलाइतकेच मुलीच्याही ताटात असू द्या. शक्य झाल्यास आईनेही चार फेऱ्या चालाव्यात.

ताईंना आम्ही हेच सांगितले. त्या थोडा वेळ मैदानाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग उद्यापासून पाणी मीच भरीन."