नावे कोणाच्या, जमा कोणाच्या

१९५४ साली प्रदर्शित झालेल्या ‘नागिन’ या हिंदी चित्रपटातील बीन ऐकलेली नाही, असे साठीपुढचे माणूस सापडणे कठीण. लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी ती वर्षानुवर्षे वाजवली आणि तोंडात हातरुमालाचे टोक धरून वऱ्हाडी मंडळी तिच्यावर डोलली. त्या ध्वनिमुद्रणात मात्र बीन नव्हतीच. गारुडी नव्हता, भोपळ्याची पुंगी नव्हती. होते ते क्लॅव्हिओलाइन नावाचे एक परदेशी विद्युत्-वाद्य, आणि त्याच्या पट्ट्यांवर बोटे फिरत होती ती एका कच्छी जैन किराणा व्यापाऱ्याच्या मुलाची.

वीरजी शाह हे कच्छमधील कुंद्रोडी गावाहून मुंबईस आले आणि त्यांनी किराणा मालाचे दुकान थाटले. त्यांचे पुत्र कल्याणजी, जन्म १९२८, आणि आनंदजी, जन्म १९३३, हे गिरगावच्या मराठी-गुजराती वस्तीत लहानाचे मोठे झाले. दुकानाची उधारी फेडू न शकलेल्या एका गिऱ्हाइकाने पैशांच्या बदल्यात या मुलांना संगीत शिकविण्याचे कबूल केले, अशी कथा सांगितली जाते. बुडीत येण्याची अशी वसुली व्यापारी इतिहासात क्वचितच झाली असेल. पुढे कल्याणजींनी स्वतःचे वादकपथक उभे केले आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणातही ते वाजवू लागले.

क्लॅव्हिओलाइन हे वाद्य फ्रान्समधील व्हर्साय येथे कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ साली तयार केले. पियानोच्या पट्ट्यांखाली बसविता येईल असा तीन सप्तकांचा लहानसा पट्टीफलक आणि ध्वनिवर्धकाची वेगळी पेटी, असे त्याचे दोन भाग. आत काचेचे व्हॉल्व्ह. निरनिराळ्या खुंट्या दाबून आवाजाचा रंग बदलायचा, आणि आवाज लहानमोठा करायचा तो हाताने नव्हे, तर गुडघ्याने सरकविण्याच्या दांड्याने. एका वेळी यातून एकच स्वर निघे. पियानोवाल्यास हे न्यून वाटेल, कारण दोन्ही हातांनी अनेक स्वर एकत्र वाजविण्याची त्याची सवय. परंतु आपले संगीत मुळातच एकामागून एक येणाऱ्या स्वरांचे. तिथे हे न्यून उरतच नाही.

बीन या वाद्याची रचना पाहिली म्हणजे कल्याणजींच्या निवडीचे मर्म ध्यानी येते. भोपळ्यात बसविलेल्या दोन नळ्या, दोहोंत पाती. एकीतून सूर हलतो, दुसरीतून आधारस्वर अखंड वाजत राहतो. गारुडी गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतो, म्हणून नाद कोठे तुटत नाही. किंचित नाकातला, कर्कशाच्या सीमेवरचा आणि न थांबणारा असा तो आवाज असतो. क्लॅव्हिओलाइनच्या खुंट्या योग्य तऱ्हेने जुळविल्या की तोच घोगरा, नासिक्य रंग येतो, आणि विजेवर चालणाऱ्या वाद्यास श्वास घ्यावा लागत नाही. पट्टीवरून पट्टीवर बोट झरझर सरकविले की फुत्कारणारे, वळवळणारे स्वर सलग निघतात. सोबतीला हार्मोनियमवर होते संगीतकार हेमंतकुमार यांचे सहायक रवी. विजेचे वाद्य आणि भात्याची पेटी यांच्या मिलाफातून जी वस्तू निर्माण झाली, तिलाच पुढे अर्धा भारत खरी बीन समजू लागला. पुष्कळांना तर आता खऱ्या गारुड्याची पुंगी ऐकली की ती ‘नागिन’सारखी वाजत नाही, असे वाटते!

सापाला मात्र बाहेरचे कान नसतात. तो डोलतो तो पुंगीच्या हालचालीमागे, सुरांसाठी नव्हे. पार्श्वनाथ भगवंतांच्या मस्तकावरील नागफणा ज्यांच्या नित्य दर्शनात आहे, त्या समाजातील एका तरुणाने टोपलीतल्या कोण्या जिवाला न दुखविता हा नाद निर्माण केला, ही गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे.

आज कामोठ्यातील एखाद्या व्यापारी घरी मुलासाठी आणलेला साधा कीबोर्ड उघडला, तरी त्यात शेकडो वाद्यांचे आवाज क्रमांक घालून तयार असतात. १९५४ साली असे काही तयार नव्हते. वेगवेगळ्या वाद्यांचे स्वतंत्र ध्वनिमुद्रण करून नंतर त्यांची जुळणी करण्याची सोयही त्या काळी चित्रपटसंगीताला नव्हती. गायिका आणि वादक सर्वांनी एका वेळी, एकत्र वाजवायचे. एकाचे चुकले की सगळ्यांनी पुन्हा आरंभापासून. आणि बाजारात जाणारी ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. एवढ्या अवकाशात कल्याणजींचा तो आवाज लता मंगेशकरांच्या स्वराशेजारी उभा राहिला आणि लोकांच्या स्मरणात तिच्याइतकाच राहिला.

‘नागिन’च्या संगीताचा फिल्मफेअर पुरस्कार हेमंतकुमार यांना मिळाला, आणि तो योग्यच होता, चाली त्यांच्या होत्या, हे वाद्य वापरू देण्याचा निर्णयही शेवटी त्यांचाच. परंतु वादकाचे काय? त्या काळी वादक त्या दिवसाचा मेहनताना घेऊन घरी जात असे. तबकड्या किती खपल्या, याच्याशी त्याचा संबंध उरत नसे. खतावणीच्या भाषेत बोलायचे तर श्रम त्याच्या नावे आणि कीर्ती दुसऱ्याच्या जमेस. रवी यांनी पुढच्याच वर्षी ‘वचन’पासून स्वतंत्र काम सुरू केले. कल्याणजींनी १९५८ मध्ये ‘सम्राट चंद्रगुप्त’ला एकट्याने संगीत दिले आणि १९५९ पासून आनंदजींसह जोडीचे नाव पडद्यावर झळकू लागले. जोडीच्या त्या आरंभीच्या चित्रपटांतील एकाचे नाव होते ‘सट्टा बाजार’. आपल्या वाचकांना त्याची गंमत वाटेल.

हा केवळ मुंबईचा रिवाज होता असे नाही. १९६२ च्या जुलैत टेलस्टार हा संदेशवहनाचा उपग्रह अवकाशात गेला. लंडनमध्ये हॉलोवे रोडवर चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरील भाड्याच्या जागेत जो मीक नावाचा एक विक्षिप्त ध्वनिमुद्रक आपला स्टुडिओ चालवीत असे. त्याने ‘टॉर्नेडोज’ या रॉक बँडकडून उपग्रहाच्याच नावाची एक शब्दविरहित धून वाजवून घेतली. बँडचे वादक आपला भाग वाजवून दुसऱ्या कार्यक्रमासाठी निघून गेले. धून अपुरीच वाटत होती. तेव्हा मीकने आपला सहकारी, गीतकार जेफ गॉडर्ड याला क्लॅव्हिओलाइनवर बसविले, आणि मुख्य सुरावट त्याच्या हातून वाजवून घेतली. ज्या आवाजामुळे ती तबकडी ओळखली जाते, तो बँडच्या कोणाही वादकाचा नाहीच! ‘टेलस्टार’ ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेली.

पुढचा हिशेब दुःखद आहे. एका फ्रेंच संगीतकाराने चाल चोरल्याचा दावा मीकवर लावला आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत स्वामित्वधन अडकून पडले. १९६७ च्या फेब्रुवारीत मीकचा मृत्यू झाला. निकाल त्याच्या बाजूने लागला, तो त्यानंतर काही आठवड्यांनी. त्याच वर्षी बीटल्स या विख्यात बँडच्या जॉन लेनननेही एका ध्वनिमुद्रणात हेच वाद्य वाजविले. मुंबईत तोवर त्या वाद्याला तेरा वर्षे उलटून गेली होती.

कल्याणजी स्वतः संगीतकार झाल्यावर त्यांच्या हाताखाली जे सहायक आले, त्यांत लक्ष्मीकांत आणि प्यारेलाल हे दोघे होते. १९६३ च्या ‘पारसमणी’पासून तेही स्वतंत्र झाले. भारतात कायद्यालाही पुढे जाग आली. स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनावरील हक्क बळकट केला. घरात कोणी मूल संगीताकडे वळले असेल, तर पालकांनी त्याच्या शिकवणीच्या शुल्काबरोबर या कायद्याची माहितीही करून घ्यावी. करारावर सही करण्यापूर्वी तो वाचण्याची सवय व्यापारी घरात असतेच. ती फक्त दुकानापुरती राखू नये.

२००५ साली अमेरिकेतील ‘ब्लॅक आईड पीज’ या गटाने आपल्या एका गाण्यात कल्याणजी-आनंदजींच्या ‘अपराध’ (१९७२) आणि ‘डॉन’ (१९७८) या चित्रपटांतील दोन गाण्यांचे अंश वापरले. त्या गाण्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्यानंतर स्वामित्वधनाचा हिशेब पाहणाऱ्या बीएमआय या अमेरिकी संस्थेने मूळ संगीतकार म्हणून या बंधूंचा गौरव केला. कल्याणजी २००० च्या ऑगस्टमध्येच निवर्तले होते.