जुने औषध, नवी कसोटी

आमचे देपालपूर शेतीचे व गुराढोरांचे. गुरांना जंताचे औषध पाजणे येथे घरोघर ठाऊक आहे. असल्या औषधाने माणसाचा कर्करोगही बरा होतो, अशी वार्ता हल्ली कानी येते. गरिबाला ती गोड वाटावी, यात नवल नाही. परंतु तेवढ्यावरून ती खरी मानावी काय?

जुन्या औषधाचा नवा उपयोग असंभवनीय नाही. गुरांना देण्यात येणारे लेव्हामिसोल हे जंतनाशक १९९० साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर दुसऱ्या औषधाच्या जोडीने मान्य झाले. पुढे अधिक चांगले उपाय निघाले व ते मागे पडले. फेनबेंडाझोल व आयव्हरमेक्टिन यांनी प्रयोगशाळेत कर्कपेशींची वाढ रोखलेली दिसली आहे. पण माणसांवरील चाचण्यांतून तो गुण अद्याप सिद्ध झालेला नाही.

कसोटी कशी असावी, हे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने दाखविले. डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागा बधिर करणारे स्वस्त लिडोकेन शस्त्रक्रियेपूर्वी स्तनातील गाठीभोवती टोचले. ११ केंद्रांतील सुमारे १६०० स्त्रियांच्या दोन गटांची तुलना २०२३ साली प्रसिद्ध झाली. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण औषधाविना ८६.४ टक्के, तर औषधाने ९०.१ टक्के आढळले.

स्वस्त उपायाचे आम्ही स्वागतच करू, पण कसोटीनंतर. तोवर चालू उपचार सोडवून रुग्णाच्या हाती गुरांचे औषध देणे घातक होय. विद्यार्थी बंधुभगिनींनो, घरी असा विषय निघाल्यास नम्रपणे एवढेच विचारा : हे किती जणांवर व कशाशी तुलना करून पाहिले?